हृदय बंद पडल्यावर शरीरात काय होतं आणि तेव्हा आपण काय करायचं: नवख्यांसाठी मिनिटामिनिटाचा हिशेब

आमच्या कॅज्युअल्टीत नवीन सिस्टर रुजू झाली की पहिल्याच दिवशी मी तिला विचारायचे, "हृदय थांबलं म्हणजे माणूस गेला का गं?" बहुतेक मुली "हो" म्हणायच्या. मग मी सांगायचे, गेला नाही, निघालाय. एसटी फलाटावरून हलली आहे, आगाराच्या फाटकाबाहेर पडलेली नाही.

निवृत्तीनंतर हेच मी सोसायटीतल्या लोकांना, भिशीच्या बायकांना, जिममधल्या पोरांना सांगत फिरते. ज्यांनी आजवर कुणाच्या नाडीला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठीच हे लिहिलंय. नुसतं 'असं करा, तसं करा' पाठ केलं की ऐन वेळी सगळं विसरतं. आत शरीरात काय चाललंय ते डोळ्यांपुढे असलं की हात आपोआप चालतात. म्हणून दोन्ही एकत्र सांगते.

आधी एक गल्लत दूर करू

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस घामाघूम होतो, छातीत कळ येते, जीव घाबरा होतो, पण तो आपल्याशी बोलत असतो. त्याला बसतं करायचं, हालचाल करू द्यायची नाही आणि १०८ ला फोन करायचा. छातीवर दाब वगैरे काही द्यायचा नाही.

हृदय बंद पडतं तेव्हा माणूस बोलत नाही. तो कोसळतो. अटॅकमुळे असं होऊ शकतं, तसंच विजेच्या धक्क्याने, बुडाल्याने, काहींना जन्मजात दोषानेही होतं.

बंद पडणं म्हणजे दर वेळी हृदय अगदी निपचित होतं असंही नाही. शेतातल्या मोटारीचा एक फेज गेला की ती नुसती गुं गुं करते, पाणी उचलत नाही, अगदी तसं. अचानक कोसळणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये पुष्कळदा हृदयाचे स्नायू एका तालात आकसायचे सोडून ज्याला जसं जमेल तसं थरथरत असतात. बाहेर रक्त जात नाही. म्हणजे वीज आहे, पंपिंग नाही. हा फरक लक्षात ठेवा, शॉक देणाऱ्या यंत्रापाशी तो उपयोगी पडेल.

पहिली १५ सेकंदं: कोसळणं

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीत लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा खातो. आणि साठवून काही ठेवत नाही. रोज कमवायचं, रोज खायचं. रक्त थांबलं की १० ते १५ सेकंदांत शुद्ध जाते. डोळे वर फिरतात, मान लुळी पडते. कधी लघवी होते, कारण ती रोखून धरणारे स्नायू सैल पडतात.

इथेच पहिली चूक होते. मेंदूचा पुरवठा अचानक तुटल्यामुळे काही जणांचे हातपाय थोडा वेळ ताठतात, झटके येतात. बघणारे म्हणतात, "फिट आली!" मग कुणी कांदा हुंगवतं, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा देतं. खरी फिट असली तरी कांद्याचा आणि किल्ल्यांचा काही उपयोग नसतो, पण तिथे निदान वेळ असतो. इथे तो नसतो.

तुम्ही करायचं ते एवढंच. दोन्ही खांदे हलवून मोठ्याने हाक मारा: "काका! काका, ऐकू येतंय का?" उत्तर नाही, तर लगेच छातीकडे आणि पोटाकडे बघा. श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दहा सेकंदांच्या वर बघत बसू नका. नाडी शोधू नका. घाबरलेल्या नवख्याला पुष्कळदा स्वतःच्याच बोटातली धडधड जाणवते आणि तो "नाडी आहे" म्हणून हात आखडता घेतो. शुद्ध नाही आणि नीट श्वास नाही, म्हणजे हृदय बंद आहे असं धरून चाला.

पहिलं मिनिट: फसवणारा श्वास

सगळ्यात जास्त वेळ मी शिकवताना इथे घालवते, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे हातची जातात.

हृदय थांबल्यावर श्वास त्याच क्षणी थांबतोच असं नाही. मेंदूच्या तळाशी, मानेजवळ श्वासाचं केंद्र असतं. वरचा मेंदू झोपला तरी ते काही मिनिटं तग धरतं आणि प्राणवायूसाठी धडपडतं. मग माणूस मध्येच तोंड उघडून मोठा आचका देतो. थांबतो. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा एक. कधी घोरल्यासारखा आवाज येतो, कधी पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखं तोंड हलतं.

आपल्या भाषेत याला शब्द आहेतच. घरघर लागली, ऊर्ध्व लागला. पिढ्यानपिढ्या लोकांनी हे बघितलंय, आणि घरघर लागली म्हणजे संपलं असं मानून तोंडात गंगाजल घातलंय. आजकालची मंडळी उलटी चूक करतात: "श्वास घेतोय, चालू आहे, थांबा!" दोन्ही चूक. अचानक कोसळलेल्या माणसाचे आचके म्हणजे हृदय थांबलंय, पण मेंदूचा तळ अजून जिवंत आहे. काम करायला याहून चांगली वेळ नाही.

या मिनिटात तुमच्या हातून व्हायला हवीत अशी कामं:

मोठ्याने ओरडून माणसं गोळा करा. "कुणीतरी फोन करा" असं म्हणू नका, कुणीच करत नाही. बोट दाखवून सांगा, "तू, निळा शर्ट, १०८ लाव आणि फोन स्पीकरवर ठेव." ११२ लावला तरी चालेल. दुसऱ्याला सांगा, खाली गेटवर जाऊन उभा राहा, लिफ्ट अडवून ठेव. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा आणि बोलता बोलता हात चालवा.

माणूस गादीवर असेल तर खाली फरशीवर घ्या. दिवाणावर, कॉटवर तुम्ही कितीही दाबलंत तरी गादीच दबते.

आणि काय करायचं नाही, तेही सांगते. तोंडात पाणी घालायचं नाही; बेशुद्ध माणूस गिळत नाही, ते श्वासनलिकेत उतरतं. जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत कळ आल्यावर देतात ती गोळी, ठेवायची नाही. रक्त फिरतच नाहीये, तर गोळी पोहोचणार कुठे? तळपाय चोळत बसायचं नाही. आणि चौघांनी उचलून, लिफ्टमध्ये दुमडून, रिक्षात बसवून घेऊन निघायचं नाही. रुग्णालय अगदी पुढच्या चौकात असलं तरी उचलण्यात, जिन्यात, सिग्नलला जी पाच-सात मिनिटं जातात, तेवढ्यात मेंदूचा निकाल लागतो. माझ्या नोकरीत असे किती आले त्याची मोजदाद नाही. घरचे बिचारे धावत आणायचे, घामाने निथळलेले, आणि वाटेत छातीला कुणाचा हात लागलेला नसायचा.

दुसरं ते चौथं मिनिट: रक्तात अजून प्राणवायू आहे

हे कळलं की सीपीआरमागचं, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्यामागचं, कोडं सुटतं. अचानक हृदय थांबलं त्या क्षणी रक्तात आणि फुप्फुसांत प्राणवायू भरलेलाच होता. तो कुठे पळालेला नाही. फक्त टाकी भरलेली आणि पंप बंद, अशी गत आहे. म्हणून मोठ्या माणसाला पहिली काही मिनिटं तोंडाने श्वास दिला नाही तरी चालतं. छाती दाबून आहे ते रक्त मेंदूपर्यंत ढकललं तरी पुरतं.

दरम्यान पेशी प्राणवायूविना काम रेटू लागतात आणि आम्ल साचायला लागतं. धमन्यांमधला दाब उतरतो, रक्त शिरांकडे सरकून हृदयाच्या उजव्या बाजूला तुंबतं. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. ओठ आणि नखं आधी फिकट, मग राखाडी-निळसर दिसतात. हृदयाची थरथरही हळूहळू मंद होत जाते, आणि ती जितकी मंद तितकं शॉकने हृदय परत आणणं अवघड. काहीच केलं नाही तर वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते, असा हिशेब जगभर धरला जातो.

आता हात. माणसाच्या बाजूला गुडघ्यांवर बसा. एका हाताचा तळवा, मनगटाजवळचा जाड भाग, छातीच्या मधोमध, दोन स्तनांमधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. दुसरा हात त्यावर, बोटं गुंफलेली. कोपरं ताठ. खांदे थेट हातांच्या वर आणा आणि अंगाच्या वजनाने दाबा, दंडाच्या जोराने नव्हे. दंडाने दाबणारा मिनिटभरात थकतो.

खोली निदान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या वर नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. मोजताना एक गंमत होते ती ऐका. मराठीत तीसपर्यंत मोजायला लागलात की 'एकोणीस', 'सव्वीस', 'एकोणतीस' म्हणता म्हणता हात रेंगाळतो. म्हणून मी एक ते दहाच मोजायला लावते, तीनदा. ताल बिघडत नाही.

दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्या. हे बहुतेक जण विसरतात. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हात सैल सोडल्यावर, दाबल्यावर नाही. छातीवर रेलून राहिलात तर मेंदूला थोडं मिळेल, हृदय उपाशी राहील. तसंच मध्ये थांबू नका. पहिले काही दाब तर धमन्यांमधला दाब नुसता वर चढवण्यातच जातात. थांबलात की तो क्षणात खाली येतो आणि पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो. हापशाला पाणी यायच्या आधी चार-पाच हिसके वाया जातात ना, तसं. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदला, तुम्हाला दम लागलेला नसला तरी. दुसरा समोरच्या बाजूला आधीच गुडघ्यांवर तयार बसलेला हवा.

उत्तम दाब दिला तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाचा चौथा ते तिसरा हिस्साच फिरतो. तेवढ्याने माणूस उठून बसत नाही, पण मेंदू मरायचं लांबतं.

बरगडी कटकन वाजेल. विशेषतः म्हाताऱ्या माणसांची. वाजू दे. हात नीट जागेवर आहेत ना बघा आणि चालू ठेवा. बरगडी जुळते.

बाईमाणूस असलं की लोक बिचकतात, हात छातीऐवजी पोटाकडे सरकतो. दाब द्यायला पदर, ब्लाउज काही काढावं लागत नाही. हाड मधोमध आहे, तिथेच तळवा ठेवायचा.

हे सगळं फार जुनं नाही, बरं का. १९६० च्या आधी ऑपरेशनच्या टेबलावर हृदय थांबलं तर डॉक्टर छाती उघडून हृदय हातात धरून दाबायचे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कुत्र्यांवर शॉकच्या यंत्राचे प्रयोग चालले होते. शॉकच्या जड पट्ट्या छातीवर दाबून धरल्या की शॉक द्यायच्या आधीच रक्तदाबाची रेघ वर उठते, हे तिथे लक्षात आलं. त्यातून कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये बाहेरून दाब देण्याची रीत मांडली. त्यांच्याच म्हणण्याचं सार असं, की यासाठी लागतात ते फक्त दोन हात.

एईडी (शॉक देणारं यंत्र) मिळालं तर

विमानतळ, काही मेट्रो स्थानकं, मोठे मॉल, काही सोसायट्यांमध्ये हे यंत्र भिंतीवर लावलेलं असतं. उघडा, चालू करा, ते स्वतः बोलतं. छाती ओली असेल तर पुसा, मंगळसूत्र किंवा साखळी बाजूला सारा, पॅड चित्रात दाखवलंय तसे उघड्या त्वचेवर चिकटवा. यंत्र थरथर ओळखतं आणि शॉक हवा असेल तरच देतं, तुमच्या चुकीने भलत्याला शॉक बसत नाही. फक्त त्या क्षणी कुणी हात लावू नये.

शॉक हृदय 'चालू' करतो हा सिनेमाने पसरवलेला समज. उलट, तो थरथर एका झटक्यात थांबवतो. मग हृदयाची स्वतःची ठिणगी ताबा घेते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोके सुरू करणारी पेशींची गाठ असते, तिला मेंदूच्या हुकुमाची गरज लागत नाही. म्हणून तर एका छातीतलं हृदय काढून दुसऱ्या छातीत धडधडू शकतं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हे करून पाहिलं होतं, केपटाऊनच्या पहिल्या हृदयरोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी. तो रुग्ण काही तासांतच गेला, पण भारतातली ती सुरुवात. रुग्णालयात मॉनिटरच्या पडद्यावर हृदयाची सरळ रेघ आली असेल तर शॉकचा उपयोग नाही. तिथे छाती दाबणं आणि औषधं.

चौथ्या मिनिटानंतर

आता पेशींच्या भिंतीवरचे छोटे छोटे पंप बंद पडतात. सोडियम आत शिरतं, त्याच्यामागून पाणी, पेशी फुगतात. कॅल्शियम आत घुसून नासधूस करतं. मेंदूत पहिला मार बसतो तो स्मृती जपणाऱ्या भागाला. वाचलेल्या पुष्कळ लोकांना जुनं सगळं आठवतं, पण सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, त्याचं मूळ इथे आहे. ४ ते ६ मिनिटांत ही इजा सुरू होते, आणि १० मिनिटं काहीच न करता गेली तर धडधाकट परतणारे विरळा. मूत्रपिंड, यकृत याहून जास्त वेळ टिकतात. त्वचा, हाडं तर कित्येक तास.

थंडीने हा हिशेब बदलतो. १९९९ मध्ये नॉर्वेत स्कीइंग करणारी एक तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. तिचं तापमान १३.७ अंशांवर उतरलं होतं, हृदय थांबलं होतं, आणि ती वाचली. गार मेंदूला प्राणवायू कमी लागतो. आपल्याकडे एप्रिलात विदर्भात याचा आधार घेऊ नका.

बुडालेला माणूस आणि लहान मूल यांचं गणित मात्र वेगळं. त्यांच्यात आधी श्वास कोंडतो, मग हृदय थांबतं. म्हणजे टाकीच रिकामी असते. तिथे तोंडाने श्वास द्यायलाच हवा, आणि तोही आधी. मग ३० दाब, २ श्वास. मुलाची छाती जाडीच्या एक तृतीयांश दाबायची. विहिरीतून काढलेल्याला पालथं घालून, पोट दाबून पाणी काढायच्या भानगडीत पडू नका. विजेचा धक्का असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर दोघं जाल.

परत आला तर

तो हात झटकेल, कण्हेल, नेहमीसारखा श्वास घेऊ लागेल. मग थांबा, कुशीवर वळवा, नजर ठेवा. पुन्हा थांबला तर पुन्हा दाबायचं. "उठला, आता घरीच बघू" म्हणू नका. उपाशी पेशींत प्राणवायू एकदम परतला की त्यानेही इजा होते, ताप चढला तर आणखी. म्हणून आयसीयूत काही दिवस तापमान आवरून धरतात, आणि मुळात हृदय कशामुळे थांबलं ते शोधतात.

परत आला नाही तर, किंवा आणायचाच नव्हता

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली आजी, जिच्याबद्दल डॉक्टरांनी आणि घरच्यांनी आधीच ठरवलंय, तिच्या घरघरीवर तुम्ही छाती दाबायला धावायचं नाही. हात धरून बसा. मात्र हे आधी ठरलेलं आणि सगळ्यांना माहीत असलेलं हवं, ऐन वेळी जिन्यात वाद नकोत.

मृत्यू झाला हे डॉक्टरनेच सांगायचं. घरी झालेल्या मृत्यूत उपचार करणारे डॉक्टर कारणाचा दाखला देतात, नमुना ४अ. नोंदणी २१ दिवसांत करायची असते. अपघात, भाजणं, विषबाधा असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय काही हलवू नका. छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आणि स्मशानात आवर्जून सांगा. चितेच्या उष्णतेने त्याची बॅटरी फुटते, तो आधी काढावा लागतो.

जाणती माणसं लगेच डोळे मिटतात, हनुवटीखालून फडकं बांधतात, पायांचे अंगठे एकत्र बांधतात. त्याला कारण आहे. दोन-चार तासांत स्नायू ताठू लागतात आणि ताठरपणा पहिल्यांदा जाणवतो तो पापण्यांत आणि जबड्यात. उशीर केला तर तोंड उघडं ते उघडंच राहतं. पाठीकडे जांभळे डाग दिसले तर दचकू नका. थांबलेलं रक्त वजनाने खाली उतरलंय इतकंच. नखं-केस वाढत नाहीत, कातडी आकसल्याने तसं वाटतं.

नेत्रदान करायचं असेल तर हातात साधारण ६ तास असतात. आधी फॉर्म भरलेला नसला तरी चालतं, जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते. नेत्रपेढीला फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा आणि डोक्याखाली उशी द्या. माणसं घरी येतात, अर्ध्या तासात काम आटोपतं, आणि चेहरा जसाच्या तसा राहतो.